शरद आमरी: जिचं वर्ष सप्टेंबरात सुरू होतं

ब्रिटनमधल्या रानटी ऑर्किडांचा हंगाम एप्रिलमध्ये सुरू होतो. जांभळी, गुलाबी, माशीचं सोंग घेणारी, मधमाशीचं सोंग घेणारी अशा एकामागून एक आमरी फुलत जातात आणि जुलै सरता सरता बहुतेकींची बोंडं वाळायला लागतात. ऑर्किड बघत हिंडणारी हौशी मंडळी तोवर कॅमेरे आवरून बसलेली असतात. मग ऑगस्टच्या मध्यावर, उन्हानं पिवळ्या पडलेल्या आखूड गवतातून, जेमतेम अर्ध्या वितीचा एक फिकट हिरवा दांडा वर येतो. त्यावर पाच-सहा मिलिमीटरची पांढरी फुलं, एकाच ओळीत, दांड्याभोवती वळसे घेत चढलेली. गुडघे टेकून नाक जवळ नेलं तर मधाचा गोड वास येतो. ब्रिटनमधल्या सगळ्या ऑर्किडांत फुलणारी ही शेवटची.

तिचं इंग्रजी नाव ऑटम लेडीज ट्रेसेस आणि शास्त्रीय नाव स्पायरँथिस स्पायरॅलिस. मराठीत तिला नाव असण्याचं कारण नाही, कारण ती आपल्याकडे उगवत नाही. ऑर्किडांना आपल्याकडे आमरी म्हणतात, आणि ही फुलते शरदात, तेव्हा या लेखापुरतं तिला शरद आमरी म्हणू या.

ती एवढ्या उशिरा का फुलते, असं कुणीही विचारेल. बाकीच्या आमरी वसंतातलं ऊन आणि उन्हाळ्यातले कीटक यांचा फायदा घेऊन मोकळ्या होतात, मग हिला थांबायची काय गरज? याचं उत्तर तिच्या फुलात शोधून सापडत नाही. दांड्याच्या बुडाशी बघावं लागतं.

दांड्याला पानं नाहीत, शेजारी मात्र आहेत

फुललेल्या शरद आमरीच्या बुडाशी एकही धड पान नसतं. दांड्यावर नुसती खवल्यांसारखी चिकटलेली पानांची रूपं असतात, त्यांच्यावर काही पोट भरत नाही. पण अगदी खेटून, एखाद-दोन सेंटिमीटरवर, जमिनीला चिकटलेला चार-पाच अंडाकृती पानांचा हिरवागार झुबका दिसतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, हे शेजारचं दुसरंच काहीतरी रोप. ते असतं त्याच आमरीचं, फक्त पुढच्या वर्षाचं.

क्रम असा आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात फूल आणि त्याच सुमाराला बाजूच्या कोंबातून नवी पानं. दांडा ऑक्टोबरमध्ये बिया सांडून वाळून जातो, पानं मात्र राहतात. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, आसपासची झाडं उघडीबोडकी उभी असताना ही पानं जमिनीसरपट हिरवी असतात आणि जो काही तिरका, दुबळा सूर्यप्रकाश मिळेल त्यावर अन्न तयार करून खालच्या जाड मुळांत साठवत जातात. वसंतात ऊन वाढतं तसा हा साठा भरत जातो. मे-जूनमध्ये, म्हणजे बाकी सगळं गवत-रान ऐन भरात येतं त्या वेळी, आमरीची पानं पिवळी पडून नाहीशी होतात. महिना-दीड महिना जमिनीवर तिचं नामोनिशाण उरत नाही. आणि मग त्या मेलेल्या झुबक्याच्या मधोमध, साठवलेल्या पुंजीवर, फुलाचा दांडा वर येतो.

आपल्या शेतकऱ्याला हे लगेच कळेल. हे रब्बीचं रोप आहे. खरिपाच्या हिशोबानं बघितलं तर ते फार मागे पडलेलं वाटतं, रब्बीच्या हिशोबानं वेळेवर आहे. वर्ष जानेवारीपासून मोजलं की ऑगस्टचं फूल उशिराचं ठरतं. तेच वर्ष सप्टेंबरपासून मोजलं, तर पान आधी, साठा मग, विश्रांती त्यानंतर आणि शेवटी फूल असा सरळ हिशोब जुळतो. ‘उशिरा फुलणारी’ हे विशेषण वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांतही सर्रास असतं, आणि बोलायला सोयीचं आहे म्हणून मीही वापरीन, पण ते आपल्या दिनदर्शिकेचं विशेषण आहे, रोपाचं नव्हे.

असं उलटं वेळापत्रक कुणाला परवडतं? नकाशा बघितला की समजतं. शरद आमरी आयर्लंड आणि दक्षिण इंग्लंडपासून खाली फ्रान्स, स्पेन, इटली, ग्रीस, उत्तर आफ्रिका आणि पुढे तुर्कस्तानपर्यंत पसरलेली आहे. तिच्या मुलखाचा मोठा भाग भूमध्य समुद्राभोवतीचा. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत असतो. अशा हवेत हिवाळ्यात पानं धरायची, उन्हाळ्यात जमिनीखाली दडी मारायची आणि पहिल्या सरींच्या आगेमागे फुलायचं, हा शहाणा मार्ग आहे. तिकडच्या ऑलिव्हच्या बागांत आणि खडकाळ माळांवर ती ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंतसुद्धा फुलते. इंग्लंडमध्ये पाऊस बारा महिने असला तरी रोपाची सवय तीच राहिली आहे.

पान नसताना फुलणं आपल्यालाही अनोळखी नाही. आपल्याकडचा रानकांदा भर उन्हाळ्यात, एकही पान नसताना, लांब दांडा काढून फुलतो आणि पावसाळ्यात त्याला पानं येतात. भूमध्य किनाऱ्यावरचा त्याचा भाऊबंद उन्हाळा संपताना फुलतो आणि हिवाळ्यात पानं धरतो. कोरड्या काळात कंदावर जगणाऱ्या वनस्पतींची ही जुनी रीत आहे. फक्त कोरडा काळ कुठे कधी येतो त्यावर महिने बदलतात.

खडूच्या टेकड्या

हिवाळ्यात जमिनीलगत पानं धरायची तर एक अट आपोआप येते: आजूबाजूचं गवत आखूड हवं. पानांची उंची काही मिलिमीटर. शेजारी वीतभर गवत माजलं की हिवाळ्यातलं तिरकं ऊन तिच्यापर्यंत पोचणारच नाही. तिचं वेळापत्रक आणि तिचं राहण्याचं ठिकाण या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, त्या एकाच सौद्याच्या दोन बाजू आहेत.

दक्षिण इंग्लंडमध्ये असं गवत मिळतं खडूच्या टेकड्यांवर. खडू म्हणजे खरोखरच खडू: क्रिटेशियस काळात, सुमारे 10 कोटी ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, समुद्रातल्या अतिसूक्ष्म शैवालांच्या चुनखडी कवचांचे थर साचून तयार झालेला मऊ पांढरा दगड. डोव्हरचे प्रसिद्ध पांढरे कडे याचेच. त्यावर मातीचा थर अगदी पातळ, कुठे कुठे चार बोटांचा. पाणी झरझर खाली उतरतं. नत्र आणि स्फुरद कमी. अशा कुपोषित जमिनीत कुठलंही एक गवत दांडगाई करू शकत नाही, म्हणून बारक्या-बारक्या वनस्पतींची दाटी होते. चांगल्या जुन्या खडूच्या कुरणात एका चौरस मीटरमध्ये चाळीसपर्यंत जाती मोजल्या गेल्या आहेत. रानटी थाइम, सॅलड बर्नेट, रॉकरोझ आणि त्यांच्यात आमरी.

शरद आमरी खडूलाच चिकटून आहे असंही नाही. आयर्लंडच्या बरेन भागातल्या चुनखडी खडकांत ती आहे, समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर आहे, आइल ऑफ वाइटवर आणि डॉर्सेटच्या किनाऱ्यावर आहे. सगळीकडे समान धागा तोच: कोरडी, निकस, खत न घातलेली जमीन आणि खुरटं गवत. ब्रिटनमध्ये उत्तरेकडे गेलं की ती विरळ होत जाते. हिवाळाभर पानं उघड्यावर ठेवणाऱ्या रोपाला कडक थंडी मानवत नाही, हे त्याचं एक कारण मानलं जातं.

आता यातली मौज अशी की या टेकड्यांना ‘नैसर्गिक अधिवास’ म्हणणं जरा धाडसाचंच आहे. त्या टेकड्यांवर मुळात झाडी होती. नवाश्मयुगापासून माणसांनी ती तोडली आणि नंतर हजारो वर्षं मेंढ्यांनी ती पुन्हा वाढू दिली नाही. गवत खुरटं राहिलं ते चराईमुळे. बाराव्या शतकात नॉर्मन लोकांबरोबर आलेले ससे तिथे रुळले आणि त्यांनीही कुरतडायला हातभार लावला. म्हणजे शरद आमरी ज्या जागेला आपलं घर मानते ते मेंढपाळ, मेंढ्या आणि परदेशातून आणलेले ससे यांनी मिळून राखलेलं आहे. माणसाचा हात लागला नाही तोच निसर्ग, अशी व्याख्या घेऊन बसलं तर या टेकड्यांवर काहीच समजणार नाही.

मेंढीच्या बाबतीत आमरीचा हिशोब बारकाईनं बघण्यासारखा आहे. हिवाळ्यात आणि वसंतात मेंढ्या फिरतात तेव्हा तिची पानं जमिनीला इतकी चिकटलेली असतात की दातांना सापडत नाहीत. मे ते जुलै, गवत सगळ्यात जोमानं वाढतं आणि चराईही जोरात असते, त्या वेळी आमरीची पानं सरत आलेली असतात किंवा ती जमिनीवर नसतेच. धोका एवढाच की ऑगस्ट-सप्टेंबरात दांडा वर आला असताना कळप तिथे असला तर दांडे खुडले जातात. पण तेवढ्यानं रोप मरत नाही, खाली साठा असतो आणि शेजारी नवी पानं येत असतात. एका वर्षीचं बी बुडतं. उलट चराई पूर्ण थांबली तर काही वर्षांत रोपच गुदमरतं. दोन्हींपैकी कुठला तोटा परवडतो, ते उघड आहे.

डार्विन आणि खालून वर चढणारी माशी

1861 च्या उन्हाळ्यात चार्ल्स डार्विन कुटुंबासह डेव्हनमधल्या टॉर्की या समुद्रकाठच्या गावी राहिला होता. मुलीची तब्येत बरी नव्हती, हवापालट करायचा होता. तिथे त्याला शरद आमरी भरपूर सापडली. पुढच्या वर्षी, 1862 मध्ये, ऑर्किडांच्या परागीकरणावरचं त्याचं पुस्तक आलं, त्यात या रोपाला चांगली ऐसपैस जागा आहे. त्यानं जे पाहिलं ते इतकं नेमकं आहे की दीडशे वर्षांनीही समजावून सांगायला तेच घ्यावं लागतं.

आधी फुलाची रचना. पाच-सहा मिलिमीटरची आडवी नळी. खालची पाकळी म्हणजे ओठ: मध्ये हिरवट, कडेला पांढरी झालर. ओठाच्या आतल्या टोकाला मध. वरच्या बाजूला एक जाडसर खांब, ज्यात फुलाचे नर आणि मादी भाग एकत्र असतात. पराग सुटे नसतात, पुंजक्यांत बांधलेले असतात आणि हे पुंजके एका होडीच्या आकाराच्या चकतीला जोडलेले असतात. चकतीखाली चिकट द्रव. कीटकाची सोंड त्या नाजूक आवरणाला नुसती घासली तरी ते उभं चिरतं, चकती सोंडेला चिकटते, द्रव हवेत घट्ट होतो, आणि माशी बाहेर येते ती परागपुंज सोंडेवर मिरवतच.

इथवर बाकीच्या अनेक ऑर्किडांतही साधारण असंच चालतं. खरी गंमत पुढे आहे. फूल नुकतं उमललेलं असताना ओठ आणि खांब यांच्यात फट फारच अरुंद असते. बारीक सोंड आत जाऊन मधापर्यंत पोचते, पराग घेऊन बाहेर येते, पण सोंडेवर आधीच पराग असले तर ते कुक्षीपर्यंत, म्हणजे फुलाच्या मादी भागापर्यंत, पोचू शकत नाहीत. तेवढी जागाच नसते. एक-दोन दिवसांनी खांब ओठापासून दूर सरकतो आणि फट रुंद होते. आता कुक्षी मोकळी. म्हणजे प्रत्येक फूल आधी फक्त पराग देतं आणि नंतर पराग घेतं.

फुलोरा खालून वर उमलत जातो. त्यामुळे कुठल्याही दिवशी खालची फुलं जुनी, घेणारी, आणि वरची नवी, देणारी. आता माशी कशी येते? डार्विननं टॉर्कीला अर्धा तास बसून बघितलं. बंबलबी, म्हणजे त्या केसाळ, गुबगुबीत मोठ्या मधमाश्या, दर वेळी फुलोऱ्याच्या तळाशी उतरत आणि गोल वळसे घेत एकेक फूल चोखत वर जात. वरच्या फुलांतून परागपुंज सोंडेवर चिकटत. मग माशी उडून दुसऱ्या रोपाकडे जाई आणि पुन्हा तळाशी उतरे, जिथे जुनी, रुंद झालेली फुलं आधीच्या रोपाचे पराग घ्यायला तयार असत. त्यानं एक माशी पकडून तिची सोंड तपासली. तीवर दोन पूर्ण परागपुंज होते आणि शिवाय पराग वाटून संपलेल्या तीन रिकाम्या चकत्या.

या सगळ्याचा परिणाम काय? पराग एका रोपाच्या वरच्या फुलांतून दुसऱ्या रोपाच्या खालच्या फुलांत जातो. स्वतःच्याच फुलांत पराग घोळत राहण्याची शक्यता खूप घटते. माशी वरून खाली आली असती तर सगळी यंत्रणा निकामी झाली असती: वरच्या नव्या फुलांतला पराग त्याच रोपाच्या खालच्या फुलांत पडला असता. दांड्याभोवतीचा तो देखणा पीळ, ज्याच्यासाठी आपण फोटो काढतो, तो माशीला खालून वर नेणारा जिना आहे. (जिना हा माझा शब्द, डार्विनचा नाही.) पुंजक्यातले पराग एकदम सगळे सुटत नाहीत, थोडे थोडे तुटतात, त्यामुळे एका पुंजक्यावर अनेक फुलं निभावतात. काटकसर म्हणावी तर अशी.

बी, बुरशी आणि जमिनीखालची वर्षं

परागीकरण झालं, बोंड धरलं, बी तयार झालं, म्हणजे काम फत्ते असं वाटेल. ऑर्किडांच्या बाबतीत अवघड काम इथून पुढे सुरू होतं.

ज्वारीच्या दाण्यात कोंबासाठी शिदोरी असते. ऑर्किडाच्या बीमध्ये ती नसतेच. धुळीइतकं बारीक बी, आत काही पेशींचा गर्भ, बाहेर हवेत तरंगायला मदत करणारं जाळीदार आवरण. वाऱ्यानं दूर जायला उत्तम, उगवायला नालायक. जमिनीत पडल्यावर त्याला विशिष्ट सूक्ष्म बुरशी भेटावी लागते. बुरशीचे तंतू बीच्या पेशींत शिरतात, आणि आमरीचा गर्भ ते तंतू पचवून त्यातली साखर आणि क्षार मिळवतो. म्हणजे सुरुवातीचा काळ ही हिरवी वनस्पती बुरशीवर जगते. फ्रेंच शास्त्रज्ञ नोएल बर्नार यांनी 1899 मध्ये एका दुसऱ्या ऑर्किडाची अंकुरलेली रोपं तपासताना ही गोष्ट पहिल्यांदा ओळखली. त्याआधी युरोपातले माळी ऑर्किडाचं बी पेरून पेरून थकले होते. 1922 मध्ये अमेरिकेत लुईस नुडसन यांनी बुरशीऐवजी साखर घातलेल्या माध्यमावर बी उगवून दाखवलं. आज फुलांच्या दुकानात ऑर्किडाची कुंडी मिळते ती त्या वाटेनं.

शरद आमरीचं रोप पहिलं हिरवं पान वर काढायच्या आधी कैक वर्षं जमिनीखाली असतं. जुन्या पुस्तकांत हा काळ दहा वर्षांहून जास्त सांगितलेला आढळतो. तो आकडा फुगवलेला असावा असं आता मानतात. तरी अनेक वर्षं लागतात यात वाद नाही. म्हणून नवी वसाहत पटकन होत नाही. जी असते ती बरीचशी शेजारी नवे कोंब काढून वाढलेली असते. एका ठिकाणी सात-आठ झुबके दाटीनं दिसले तर ते बहुधा एकाच रोपाचे वारस.

या गरजेमुळेच रोप उपटून बागेत लावलं की ते मरतं. बुरशी मागे राहते, मातीचा पोत बदलतो. आणि शेतात खत घातलं तर दुहेरी फटका बसतो: गवत माजतं आणि जमिनीतल्या बुरशींचं गणितही बिघडतं.

मोजायची तरी कशी?

एखाद्या टेकडीवर यंदा दोनशे दांडे दिसले, पुढच्या वर्षी पाच. म्हणजे आमरी नष्ट होत चालली? घाईनं हो म्हणू नये. टेरी वेल्स या वनस्पतिशास्त्रज्ञानं बेडफर्डशरमधल्या नॉकिंग हो या राखीव कुरणात 1962 पासून प्रत्येक रोपाची जागा नेमकी नोंदवून, वर्षानुवर्षं तीच रोपं तपासली. त्यातून दिसलं की रोप कधी फुलतं, कधी नुसतं पानावर राहतं, आणि कधी अख्खं वर्ष वरच येत नाही, जमिनीखाली जिवंत असतं. फुलणं खर्चिक आहे. एकदा फुलल्यावर पुढच्या वर्षी पुरेसा साठा नसेल तर रोप गप्प बसतं. हवामानाचाही वाटा असतो. त्यामुळे फक्त फुलांचे दांडे मोजणं म्हणजे अर्धी गणती. पानांचे झुबके हिवाळ्यात मोजले तर जास्त खरा आकडा मिळतो, पण नोव्हेंबरच्या चिखलात पोटावर पडून पानं मोजायला स्वयंसेवक मिळवणं, हा वेगळा प्रश्न.

अशी दीर्घ नोंद नेदरलंड्समध्येही झाली. तिथे शरद आमरी अगदी मोजक्या ठिकाणी शिल्लक आहे. दक्षिण लिंबुर्गमधल्या चुनखडीच्या कुरणावर तिची रोपं अनेक वर्षं एकेक करून तपासली गेली, आणि चराईची वेळ आणि प्रमाण यांवर तिचं भवितव्य अवलंबून आहे हे तिथेही दिसलं.

ससे गेले, मग लॉन आलं

1953 मध्ये सशांचा मिक्सोमॅटोसिस हा रोग ब्रिटनमध्ये पोचला, सुरुवात केंटमध्ये. दोन-तीन वर्षांत देशातले जवळपास 99 टक्के ससे मेले. खडूच्या टेकड्यांवर आधी काय झालं? फुलांचा बहर आला. दांडे कुरतडणारं कुणी उरलं नव्हतं. लोक खूश. मग गवत वाढलं, त्यात काटेरी झुडपं शिरली आणि काही वर्षांत खुरटं गवत होतं तिथे रान माजलं. याच सुमारास मेंढ्याही कमी होत होत्या, आणि दुसऱ्या महायुद्धापासून सुरू झालेली नांगरट व रासायनिक खतं यांनी सपाट भागातली कुरणं खाल्ली होतीच. युद्धानंतर इंग्लंडमधल्या खडूच्या कुरणांपैकी सुमारे 80 टक्के गेली असं सांगितलं जातं. ब्रिटनच्या धोक्यातल्या वनस्पतींच्या यादीत शरद आमरी आज ‘धोक्याच्या उंबरठ्यावर’ या वर्गात आहे.

पण तिनं एक अनपेक्षित आसरा शोधला: लॉन. दक्षिण इंग्लंडमध्ये जुन्या घरांसमोरची हिरवळ, चर्चच्या आवारातली थडग्यांभोवतीची जागा, समुद्रकाठच्या हॉटेलांची लॉनं. जिथे कित्येक दशकं खत पडलेलं नाही, तण मारायची औषधं फवारलेली नाहीत आणि गवत कापायचं यंत्र नियमित फिरतं. आमरीला मेंढीचे दात आणि यंत्राची पाती यांत फरक कळत नाही. पानं पात्याच्या खाली, सुरक्षित. गंमत म्हणजे मालकाला तिचा पत्ताही नसतो, कारण दर ऑगस्टला दांडे कापले जातात. मग कधी यंत्र बिघडतं, किंवा घरचे लांबच्या सहलीला जातात, किंवा कडक उन्हाळ्यात गवत वाढतच नाही म्हणून कुणी कापत नाही, आणि एका सकाळी लॉनवर शेकडो पांढरे दांडे. पेरले कुणी? कुणीच नाही, ते वर्षानुवर्षं तिथेच होते.

ब्रिटनमध्ये अलीकडे मे महिन्यात गवत कापू नका अशी मोहीम चालते. चांगली आहे, अनेक फुलांना तिचा उपयोग होतो. शरद आमरीला मात्र मेमध्ये खुशाल कापलेलं चालतं, तेव्हा तिची पानं सरत आलेली असतात. तिला विश्रांती हवी ती ऑगस्टच्या सुरुवातीपासून ऑक्टोबरपर्यंत. निसर्गरक्षणाचा एकच नियम सगळीकडे लावला की असं होतं.

कासच्या सड्याची आठवण इथे येणं साहजिक आहे. जांभा दगड, वर मातीचा पातळ थर, निकस जमीन, झाडं नाहीत, आणि हॅबेनेरिया गटातल्या कंदवाल्या आमरी ज्या पावसाळ्यात वर येतात आणि पाऊस ओसरला की जमिनीखाली जातात. तिथे वर्ष जूनमध्ये सुरू होतं. पश्चिम घाट 2012 मध्ये जागतिक वारसा ठरला त्यात कासही आहे. पठाराला कुंपण घातलं, गुरांची चराई थांबली, आणि त्यानं फुलं वाढली की गवत, यावर पुष्कळ वाद झाला. कासचं उत्तर इंग्लंडमधून आणता येणार नाही, माती वेगळी, पाऊस वेगळा, गुरंही वेगळी. पण चरणारं जनावर म्हणजे फुलांचा शत्रू, हे गृहीत धरून सुरुवात करू नये, इतकं त्या टेकड्यांवरून नक्की शिकता येतं. आपल्या माळरानांना सरकारी कागदांवर ‘पडीक’ म्हणायची सवयही तपासून बघायला हवी. खुरटं गवत बघून जागा रिकामी आहे असं वाटणं ही जुनी खोड आहे, आणि ती फक्त आपली नाही.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांपैकी कुणाच्या घरासमोर जुनं लॉन असेल, विशेषतः दक्षिण किनाऱ्याकडे, तर नोव्हेंबरात तिथे निळसर हिरव्या, चकचकीत, जमिनीला चिकटलेल्या पानांचे छोटे झुबके दिसतात का ते बघावं. प्लँटेन नावाचं एक सामान्य तणही असंच पसरतं, पण त्याच्या पानांवर ठळक, उभ्या, दोऱ्यासारख्या शिरा असतात. आमरीचं पान गुळगुळीत असतं. सापडली तर पुढच्या ऑगस्टमध्ये तेवढ्या चौकोनाभोवती खुंट्या ठोकून यंत्र बाजूनं फिरवावं, बोंडं तपकिरी होऊन फुटली की ऑक्टोबरमध्ये पुन्हा कापायला हरकत नाही, आणि कापलेलं गवत तिथेच न टाकता उचलून न्यावं, म्हणजे जमीन निकस राहते. खत घालू नये. आणि उपटून कुणाला भेट देऊ नये: मालकाच्या परवानगीशिवाय कुठलीही रानटी वनस्पती मुळासकट काढणं तिथे 1981 च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि परवानगी असली तरी ते रोप जगत नाही.